पिंजाऱ्याचा डावा हात

फकीर मोहम्मद पिंजारी रागीट माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची हकीकत ऐकून तुम्ही म्हणसान, बिचारा. बिचारा-गिचारा काही नव्हता तो. कोणी कापसात सरकी ठेवून आणली तर तोंडावर म्हणे, "भौ, हे गादीसाठी आनलं का म्हशीसाठी?" पाटील असो का कोतवाल, त्याची बोली एकच. आन् त्याची बायको बानो त्याच्याहून तिखट.

आमचं गाव नांदुऱ्याच्या खालच्या अंगाले, काळ्या मातीतलं. कापूस घरोघर. दिवाळीनंतर पहिली वेचणी घरात आली का फकीरचं काम सुरू होये, ते लग्नसराई सरेपर्यंत. जुन्या गाद्या उसवाच्या, दबून दगड झालेला कापूस फुलवाचा, नव्या खोळीत भराचा, टाके घालाचे. पोरीच्या आंदणातली गादी फकीरच्याच हातची पाहिजे, असा गावाचा हट्ट होता. सोयरे गादीवर बसले का हात फिरवून पाहात, मंग इचारत, कोणाच्या हातची?

त्याचं पिंजण म्हणजे माणसाएवढं लांब लाकूड आन् त्याले ताणलेली आतड्याची तात. उजव्या हातात लाकडी ठोका, तो तातीवर हाणाचा. तात थरथरते, कापूस उडते. पाहणाऱ्याले वाटते सारं काम उजव्या हाताचं. पण पिंजणाचा भार राहाते डाव्या हातावर. फकीर ते लाकूड डाव्या हाताच्या आतल्या अंगाले टेकवे, कोपर आन् मनगटाच्या मधात, आन् पट्ट्यानं आवळून घे. मिसरूड फुटाच्या आधीपासून तेच. तेवढ्या जागेचं कातडं घासून घासून बैलाच्या खांद्यावानी निबर झालतं. गावात हे कोणाले माहीत नव्हतं. पिंजाऱ्याचा हात पालथा करून पाहाची गरज कोणाले पडली होती?

देश मोकळा होऊन दोन हिवाळे झालते. वऱ्हाड तवा नागपूरच्या सरकारात. त्या हिवाळ्यात चावडीपुढं एक मोटार येऊन थांबली आन् कोतवालानं दवंडी देल्ली, साऱ्याईनं चावडीवर या, क्षयाची सुई टोचणार हायेत. सुईचं नाव ऐकून अर्धं गाव वावरात पळालं. हिंमतराव पाटलानं माणसं पाठवून पाठवून ते परत आणलं आन् पहिला हात स्वतः पुढं केला. डाव्या हाताच्या आतल्या अंगाले बारीक सुई, कातड्याच्या वरच्या वरच. फोड आल्यावानी दिसे आन् बसून जाये.

सुईवाल्याईनं काय सांगतलं ते शब्दाले शब्द सांगतो. "तीन दिवसांनी येऊ. गाठ आली का पाहू. ज्याला गाठ नाही त्याला लस मिळेल. ज्याला गाठ आहे त्याला लस नाही." बस. याच्यापुढं एक अक्षर नाही. गाठ कायची, तिचा अर्थ काय, ती आली म्हणजे माणूस आजारी झाला का नाही, काही नाही. मोटारीत बसले आन् गेले.

मंग गावानं आपलं डोकं चालवलं. डॉक्टर ज्याले औषध देत नाही तो माणूस कोणता? जो हातातून गेला तो. म्हणजे गाठ म्हणजे क्षय. आन् गाठ जेवढी मोठी तेवढा क्षय मोठा. तीन दिवस साऱ्या गावानं आपापला डावा हात पाहाण्यात घालवले. बाया चूल पेटवताना हात उजेडात धरून पाहात. एकमेकाच्या हाताले बोट लावून पाहात, दाबून पाहात, हळद लावत, चुना लावत. फकीरनं काहीच नाही केलं. त्याच्याजवळ हिंमतरावाच्या पोरीच्या, शालूच्या, लग्नाच्या गाद्या होत्या. तो पट्टा आवळून पिंजत राह्यला.

मोजाले जो माणूस आला त्याचं नाव किसनराव. तरणाबांड, घाईचा, गळ्यात मफलर. हातात बोटाएवढी पट्टी, मिलीमीटरच्या रेघाची. लहानशी निघाली तर ते गाठ नाही धरत. समोरचा हात धराचा, बोटानं चाचपाचा, पट्टी लावाची आन् आकडा ओरडून सांगाचा. ओरडून काऊन? तर लिहिणारा तिकडे चावडीच्या ओट्यावर उन्हाले बसला होता. त्याले ऊन पाहिजे होतं म्हणून साऱ्या गावाचे आकडे साऱ्या गावानं ऐकले.

"चार. लस." ही पाटलाची शालू. पाटलीण अन्नपूर्णाबाईनं हात जोडले.

"बारा. घरी जा." हे खुद्द पाटील. हिंमतरावाचं तोंड उतरलं. तो मिशीवरून हात फिरवत एका अंगाले उभा राह्यला, जसं काही त्याले कोणाची वाट पाहाची आहे. म्हाताऱ्या-कोताऱ्या, बाप्ये माणसं, लय जणाईले दहा, अकरा, चौदा निघाले. ते सारे चावडीच्या भिंतीले चिकटून उभे. कोणी कोणाकडे पाहीना.

मंग फकीरचा नंबर आला. किसनरावानं हात धरला, बोटानं इकून-तिकडे चाचपला, पट्टी लावली, पुन्हा लावली.

"सव्वीस," तो ओरडला. मंग हळू नाही, तेवढ्याच आवाजात इचारलं, "खोकला येतो का तुला?"

"येते ना जी. पिंजाऱ्याले खोकला नाई येनार त कोनाले येईन?"

"किती दिवसांपासून?"

"बाप मेला आन् पिंजन माह्या हाती आलं तवापासून."

काही जण हसले. किसनरावाले ते आवडलं नाही. "हसू नका. सव्वीस म्हणजे थट्टा नाही. या माणसापासून लांब राहा. पुढचा."

आन् भिंतीले चिकटलेल्या माणसाईच्या जिवात जीव आला. मी त्याईची तोंडं पाह्यली हायेत. बारावाला, चौदावाला, सारे भिंतीपासून सुटे झाले. सव्वीस निघाली म्हटल्यावर बारा म्हणजे काय, काहीच नाही. साऱ्या गावाची भीती एका माणसाच्या हातावर नेऊन ठेवली आन् गाव जेवाले घरी गेलं.

दिवस बुडाच्या आत पाटलाचा सालदार फकीरच्या आंगणात आला. आत नाही आला, कुडाच्या बाहेरूनच बोलला. "पाटलानं सांगतलं, गाद्या तुह्याजवळच राहू दे."

बानो बाहेर आली. "काऊन? वाकडे टाके पडले का?"

"टाक्याचं नाई वो भाबी. तुले माहीत हाये कायचं ते."

"मले एवढं माहीत हाये, याच्या बाजूले माहं अंथरून हाये, लगीन झाल्यापासून. मले झाला नाई क्षय. पाटलाच्या गादीले झाला?"

"मले कायले बोलतं? मी सांग्या माणूस."

"मंग सांग जाऊन. म्हन, बानो म्हने, गादी पाटलाले भिऊन खोकलून राह्यली."

सालदार गेला. पण भ्यालेला पाटील एकटाच नव्हता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बानोची बादली खाली गेली का बाकीच्या बाया आपापले दोर वर ओढून घेत. आन् तिसऱ्या पहरी पाटलाच्या पुढच्या गल्लीत धूर निघाला. तठच्या भगवानरावानं त्याच वर्षी फकीरकडून भरून घेतलेली गादी रस्त्यात आणून जाळली. ज्या माणसानं थंडीत बैलावर कधी झूल टाकली नाही त्यानं नवी गादी जाळली. कापूस पेट घेत नाही भसकन्, धुमसते. तो घाण वास संध्याकाळपर्यंत गल्लीत होता आन् फकीर आपल्या दारात बसून तो घेत होता.

"ह्या हातानं भरली," तो बानोले म्हणाला. "उशी मागितली नव्हती, ते बी देल्ली होती वरून."

"मंग बसून काय राह्यले? तो मोजनारा कुठं गेला ते पाहा."

मोजणारा पुढच्या गावी होता. फकीर पायी निघाला आन् दुसऱ्या दिवशी तठी पोचला. तठी शाळेपुढं दोन रांगा होत्या. एका रांगेत किसनराव, दुसऱ्या रांगेत दुसरा एक मोजणारा, चष्मेवाला, शांत. मधात खुर्चीवर त्याईचा मोठा डॉक्टर, रजिस्टर चाळत. फकीर जाऊन भांडाले बसला असता तर त्याले हाकलला असता, हे त्याले समजत होतं. तो गुपचूप किसनरावाच्याच रांगेत लागला. रोजचे शेकड्यानं हात पाहणाऱ्याले तोंड कुठून आठवाले. किसनरावानं हात धरला, चाचपला, पट्टी लावली.

"अठरा. घरी जा."

फकीर घरी नाही गेला. तो दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राह्यला. चष्मेवाल्यानं हात धरला, बोट हळू हळू फिरवलं, एकदा डोळे मिटून फिरवलं, पट्टी लावली.

"नऊ," तो म्हणाला.

मंग फकीर मोहम्मद बोलला. असा बोलला का दोन्ही रांगा मोडून गोल झाल्या. "परवा सव्वीस, आज अठरा, आन् दहा पावलावर येऊन नऊ. हात एकच हाये, मालक. हा पाहा, खांद्याले लागेल हाये, मी काई हात बदलून नाई आलो. बाजारात कापूस मोजनारा असा काटा मारन त त्याले लोक चपलेनं मारतीन. तुम्हाले काय मारावं?"

"तू परवा कुठं होतास?" किसनराव म्हणाला. "गाठ उतरते. दोन दिवसांनी कमी होते."

"सव्वीसाची अठरा उतरली, कबूल. मंग ह्या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत चालतानी आणखी उतरली का?"

मोठा डॉक्टर उठला. त्यानं फकीरचा डावा हात धरला, चाचपला. मंग उजवा मागितला, तोही चाचपला. पुन्हा डावा. "काम काय करता?"

"पिंजारी हावो जी."

"पिंजण कोणत्या हातात धरता?"

फकीरनं धरून दाखवलं, हवेतच. डॉक्टरनं किसनरावाले जवळ बोलावलं आन् त्याचं बोट घेऊन फकीरच्या हातावर ठेवलं. "हे कुठं संपतं ते सांगा. आणि हे कुठं सुरू होतं?" किसनरावानं गाठ आन् पिंजणाचा घट्टा एकातच मोजला होता. वरून लाली दिसली ती पण आत धरली होती. घाईत.

डॉक्टर खोटा माणूस नव्हता, हे मी सांगतो. त्यानं फकीरले खुर्ची देल्ली, छातीले नळी लावून पुढून-मागून ऐकलं. ताप येते का, अंग वाळून राह्यलं का, इचारलं. मंग समजावून सांगतलं. लाली मोजाची नाही, फक्त कडकपणा मोजाचा. तो डोळ्याले दिसत नाही, बोटाले लागते, आन् बोट बोटात फरक राहाते. एकाच माणसानं एकच हात दोनदा मोजला तरी दोन-तीनचा फरक पडतो. पण सव्वीस आन् नऊ म्हणजे फरक नाही, चूक आहे. आन् मोठी गोष्ट वेगळीच. गाठ आली म्हणजे क्षय झाला असं नाही. ते जंतू कधीतरी अंगात शिरले होते, एवढंच. मोठ्या माणसाईत लय जणाईले गाठ येते. "मलाही आली होती," तो म्हणाला. "खोकल्याची शंका वाटत असेल तर खामगावला थुंकी तपासून घ्या. गाठीवरून काहीच म्हणता येत नाही."

फकीर ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचे कान तांबडे झाले.

"हे तुम्ही आमच्या गावात काऊन नाई सांगतलं?"

"सांगायला हवं होतं."

"मंग चाला. आता सांगा. तुमची मोटार हाये."

"आज इथले हात मोजायचे आहेत. उद्या पुढच्या गावाच्या सुईचा तिसरा दिवस आहे. दिवस चुकला तर सगळं वाया. मी चिठ्ठी लिहून देतो."

"चिठ्ठी कोन वाचते? सव्वीस काय चिठ्ठीत लिहून देल्ली होती? ते त चावडीवर बोंबलून सांगतली. नऊ बी बोंबलून सांगा ना. ह्याले पाठवा, ह्या मफलरवाल्याले. याचा गळा चांगला हाये."

किसनराव तिकडून म्हणाला, "एका दिवसात इतके हात पाहा तुम्ही एकदा. बोटं बधिर होतात."

"माह्या हाताले बी घट्टे हायेत, साहेब. मी कोनाची गादी जाळाले नाई लावली."

डॉक्टरनं रजिस्टर मिटलं. पुढच्या फेरीत येऊ, नक्की सांगू, असं काहीतरी म्हणाला. त्याच्या पुढच्या फेरीची आम्ही अजून वाट पाहून राह्यलो. माणूस चांगला होता म्हणतो ना मी, त्याचाच राग जास्त येते. चूक समजली, कबूल केली, खुर्ची देल्ली, आन् दुसऱ्या गावात दाबलेल्या आवाजात ती मिटवून टाकली. आमच्या चावडीवर ती तशीच राह्यली.

फकीर परत आला तो सरळ चावडीवर. हिंमतराव, भगवानराव, चार जण बसले होते. त्यानं उभ्या उभ्या सारं सांगतलं. भगवानराव हसला. "तू म्हनावं आन् आम्ही मानावं?"

"खामगावले जाऊन थुंकी दाखवतो. तवा तं मानसान?" पुढं त्यानं दाखवली पण, काही निघालं नाही. "पन हिशेब आताच करा. माही नऊ हाये. पाटील, तुमची बारा हाये. तुमच्यापेक्षा माही तीन कमी."

हिंमतराव म्हणाला, "मोजनाऱ्यानं पट्टी लावून मोजली. सरकारी पट्टी. ते खोटी कशी राहीन?"

"पट्टी खोटी नाई. लावनारा घाईत होता."

"मंग त्यानं आमच्या शालूची बी घाईतच मोजली का? चार बी खोटी?"

फकीरले तवा समजलं का हे भांडण त्याच्या हाताचं नाहीच. शालूची चार पाटलानं सोयऱ्याईले निरोप धाडून कळवली होती, पोरगी साफ आहे, सरकारनं मोजली. फकीरची सव्वीस खोटी ठरली का त्याच पट्टीनं निघालेली प्रत्येकाची चार, तीन, बारा डळमळाले लागते. गावाले त्याची सव्वीस पाहिजे होती. आपापले आकडे टिकवासाठी पाहिजे होती.

"बरं हाये," तो म्हणाला. "तुमची पट्टी खरी. मंग ह्या गावचं बोंड माह्या पिंजनाले लागनार नाई. दबलेल्या कापसावर निजा."

पिंजण खांद्यावर टाकून तो नांदुऱ्याच्या बाजारात जाऊ लागला. तठी कोणी हात पाह्यला नाही, काम पाह्यलं. आमचं गाव थंडीत गोळे झालेल्या गाद्यावर कूस बदलत राह्यलं. आन् मंग, मंग काय झालं पाहा. लोक मागच्या दारानं येऊ लागले. सांजच्याले, कुडाच्या आडून. "बानोभाबी, एवढी रजई करून दे ना. सांगू नको पन कोनाले. आम्ही म्हनू, नांदुऱ्याच्या मशीनवरची होय." काम त्याचं पाहिजे, नाव नको. बानो त्याईले असं बोले का ते मी इथं लिहू शकत नाही.

लग्न आठ दिवसांवर आलं तवा अन्नपूर्णाबाई आली. तीही मागूनच. डोक्यावर मशीनची एक गादी, मागं शालूच्या आंदणाचा कापूस घेऊन गडी. फकीरजवळ पडलेल्या गाद्या पाटील घरात घेईना, आन् त्यानं आणलेल्या मशीनच्या गाद्या इतक्या पातळ होत्या का सोयऱ्याईपुढं टाकाची लाज वाटे.

"फकीरभाऊ," ती म्हणाली, "पोरीचं लगीन हाये."

"पुढच्या दारानं या, बाई."

ती वळसा घालून पुढून आली. फकीरनं पिंजण उचललं, तिच्या पुढून निघाला आन् चावडीसमोर मोकळ्या जागेत जाऊन बसला. बाही वर केली, पट्टा आवळला. "अठी पिंजतो. साऱ्याईच्या डोयासमोर. आन् कोनी इचारलं त नाव घ्या लागीन. नाई जमत तं गादी डोक्यावर हाये, घरी न्या."

ओट्यावर हिंमतराव होता. अन्नपूर्णाबाईनं त्याच्याकडे पाह्यलं. तो म्हणाला, "घरी चाल."

"शालूचा हात बी त्याच घाईच्या मानसानं मोजला," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण चावडी लहान होती. "चार असन का चौदा, मले माहीत नाई. तुम्हाले बी माहीत नाई. पोरगी खाऊन-पिऊन धडधाकट हाये, हे मले दिसते." आन् डोक्यावरची गादी खाली टाकून ती मातीत बसली, कमरेची सुई काढून टाके उसवाले लागली. पाटलाच्या घरची बाई, चावडीपुढं, मातीत.

हिंमतराव उठून गेला. भगवानराव बसून राह्यला, पण जवळ नाही आला. दुसरं कोणीच आलं नाही त्या दिवशी.

फकीरच्या तोंडावर काही हसू-बिसू नाही आलं. त्यानं उसवलेली कड धरून पाह्यली आन् तिच्यावरच ओरडला, "खोळ फाडून राह्यल्या तुम्ही. दोरा कापा, कापड नाई. हात हळू चालवा, बाई. हे गादी हाये, पंचायत नाई."

अन्नपूर्णाबाईनं सुई तिरपी धरली आन् दुसऱ्या कडेचे टाके काढाले घेतले.